वीजवितरणाचे दूरनियंत्रण : कळ कोणाच्या हाती?

(एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



विजेसारख्या विषयावर बोलण्यासाठी आपण एका कलाशाखेच्या पदवीधराला पाचारण केलेत, याचे पहिले आश्चर्य मलाच वाटले. ओहमचा नियम मी शाळेत पाठ केला आणि परीक्षेनंतर तितक्याच निष्ठेने विसरलो. पण वार्ताहर म्हणून माझी उमेदीची वर्षे वीज नसण्याच्या बातम्या लिहिण्यात गेली. भारनियमनाचा तो काळ आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. मोर्चे, निवेदने, कार्यालयांची तोडफोड हे सारे मी जवळून पाहिले. त्यामुळे विजेच्या शास्त्रापेक्षा विजेच्या कारभाराशी माझा परिचय अधिक आहे, आणि आजचा विषय मी त्याच बाजूने मांडणार आहे.

त्या दिवसांतला एक प्रसंग सांगतो. पावसाळ्याची रात्र होती, अर्धे गाव अंधारात होते. बातमीसाठी म्हणून मी तक्रार निवारण कक्षात गेलो. एक टेबल, एक दूरध्वनी, एक जाडजूड नोंदवही आणि मेणबत्तीच्या उजेडात बसलेले एक गृहस्थ. मी विचारले, "नेमका कुठला भाग बंद आहे?" ते शांतपणे म्हणाले, "साहेब, फोन येईल तसं कळतं. जिथून फोन येतो तिथली लाईट गेलेली असते." मला तेव्हा हसू आले. पुढे ध्यानात आले की तो विनोद नव्हता, व्यवस्थेचे ते यथार्थ वर्णन होते. वीजनिर्मिती केंद्रात आणि उच्चदाबाच्या पारेषण वाहिन्यांवर मोजमापाची यंत्रणा फार पूर्वीपासून होती. मात्र उपकेंद्रातून बाहेर पडलेली अकरा हजार व्होल्टची वाहिनी गल्लीबोळांत शिरली की ती जणू अदृश्य होत असे. तिच्यावर किती भार आहे, ती कुठे तुटली, कोणते रोहित्र जळण्याच्या बेतात आहे, हे कंपनीला ग्राहकाकडूनच कळायचे.

या अंधत्वावरचा उपाय म्हणजे वितरणाचे दूरनिरीक्षण आणि स्वयंचलन. अभियंते त्याला 'स्काडा' म्हणतात. उपकेंद्रातील ब्रेकर, रोहित्र आणि फीडर यांच्याजवळ एक छोटा संगणक बसवायचा. त्याने दर काही सेकंदांनी दाब, प्रवाह, तापमान आणि ब्रेकरची स्थिती टिपायची आणि प्रकाशीय तंतूच्या तारेने, रेडिओने किंवा मोबाइलच्या जाळ्यातून ती शहरातल्या एका नियंत्रण कक्षाकडे धाडायची. तिथे भिंतीवरच्या पडद्यावर अवघ्या शहराचा वीजनकाशा दिसतो, आणि तिथूनच मैलोगणती दूरचा ब्रेकर उघडता किंवा मिटता येतो.

आता याने प्रत्यक्ष काय साधते ते पाहू. समजा, एका फीडरवर चार हजार घरे आहेत आणि मध्येच कुठेतरी फांदी पडून दोष निर्माण झाला. उपकेंद्रातला ब्रेकर तत्काळ खाली येतो आणि चारही हजार घरे अंधारात जातात. जुनी पद्धत अशी की वायरमनने दुचाकीवरून, हाती बॅटरी घेऊन वाहिनी पायाखाली घालायची. काही दिसले नाही तर मधला स्विच उघडून अर्धी वाहिनी चार्ज करून पाहायची. पुन्हा ब्रेकर पडला तर दोष या अर्ध्यात, नाही पडला तर त्या अर्ध्यात. असे करीत करीत दोषापर्यंत पोहोचायचे. दरम्यान त्या दोषावर जितक्या वेळा वीज सोडावी तितक्या वेळा केबल आणि रोहित्र यांना धक्का बसतो तो निराळाच. नव्या व्यवस्थेत ठिकठिकाणचे दोषदर्शक सांगतात की दोषाचा प्रवाह इथून गेला आणि तिथून पुढे गेला नाही. म्हणजे दोष या दोन खुणांच्या मधे. नियंत्रण कक्षातून त्या दोन्ही बाजूंचे स्विच उघडले जातात, निरोगी भागाला शेजारच्या फीडरवरून पुरवठा दिला जातो आणि काही मिनिटांत अंधार तीन-चारशे घरांपुरता उरतो. वायरमनला मग थेट त्या तुकड्यावर पाठवता येते. भर पावसात मध्यरात्री सात किलोमीटर चालणे आणि सातशे मीटर चालणे यांतला फरक त्यालाच विचारावा.

इथे भाषेची एक गंमत सांगण्याचा मोह होतो. इंग्रजीत ब्रेकर 'क्लोज' झाला म्हणजे पुरवठा सुरू झाला. मराठीत 'बंद' म्हणजे पुरवठा गेला. एकाच कृतीला दोन भाषांत उलटे शब्द! दूरध्वनीवरून आज्ञा देण्याच्या काळात हा गोंधळ जिवावर बेतणारा ठरू शकतो, म्हणूनच आपले कर्मचारी 'टाकला' आणि 'पाडला' असे शब्द वापरतात. व्याकरणाच्या पुस्तकात हे सापडणार नाही.

आपल्याकडे या कामाला सरकारी पातळीवर मोठी गती मिळाली ती २००८ साली. अकराव्या पंचवार्षिक योजनेतील पुनर्रचित वीज विकास व सुधारणा कार्यक्रमाने प्रथम आकडे आणि नकाशे, मग तारा आणि खांब, असा क्रम लावला. त्यात तीस हजारांवर लोकवस्तीची शहरे माहिती तंत्रज्ञानासाठी घेतली गेली, आणि चार लाखांहून अधिक लोकसंख्या व वर्षाला पस्तीस कोटी युनिटांहून अधिक वीज घेणारी शहरे स्काडासाठी. दिल्लीत २००२ साली वितरणाचे खासगीकरण झाल्यावर उत्तर दिल्लीतील कंपनीची एकूण तांत्रिक व वाणिज्यिक हानी त्रेपन्न टक्क्यांच्या घरात होती, ती पुढे एक अंकी झाली. याचे सारे श्रेय स्वयंचलनाला देणे भाबडेपणाचे होईल. मीटर, वसुली आणि व्यवस्थापन यांचाही त्यात वाटा आहे. तथापि वीज कुठे जाते हे दिसू लागल्याखेरीज ती वाचवता येत नाही, एवढे नक्की. २०२१ साली केंद्र सरकारने सुधारित वितरण क्षेत्र योजना मंजूर केली. तिचा आकार ३,०३,७५८ कोटी रुपयांचा आणि उद्दिष्ट पंचवीस कोटी स्मार्ट मीटरांचे.

आकडे मोठे आहेत. पण या कामात सर्वांत कठीण काय, असे एका निवृत्त अभियंत्याला मी विचारले तेव्हा त्यांनी उपग्रह, संगणक, प्रकाशीय तंतू यांतले काहीच सांगितले नाही. ते म्हणाले, "कुठलं घर कुठल्या खांबावर आणि कुठला खांब कुठल्या रोहित्रावर, ही यादी." या यादीला सरकारी भाषेत ग्राहक निर्देशांकन म्हणतात. ती करण्यासाठी माणसे रस्तोरस्ती हिंडली, खांबांवर क्रमांक रंगवले. पण सणासुदीला एखाद्या वायरमनने भार हलका करण्यासाठी चाळीस घरे शेजारच्या डीपीवर टाकली आणि कार्यालयात कळवलेच नाही, की यादी त्या क्षणी खोटी ठरली. पडद्यावरचे चित्र मात्र तसेच झळझळीत राहते. मी एक असा नियंत्रण कक्ष पाहिला आहे, शहराचे नाव सांगत नाही, जिथे पडद्यावर कितीतरी बिंदू करड्या रंगाचे होते. करडा म्हणजे काय? तर त्या ठिकाणाहून काही काळ माहितीच आलेली नाही. दिसतो आहे तो शेवटचा आकडा. कुठे बॅटरी उतरली, कुठे मोबाइलचे सिम बंद पडले, कुठे रस्ता खोदताना तार तुटली. यंत्रणा बसवण्याच्या उद्घाटनाला पाहुणे येतात. बॅटरी बदलण्याच्या दिवशी कोण येणार?

ग्रामीण महाराष्ट्राचे स्वयंचलन तर आणखी वेगळे. आपल्या शेतकऱ्याने ते कोणत्याही योजनेची वाट न पाहता स्वतःच करून टाकले. शेतीला वीज ठरावीक तासच, त्यातही पाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री. थंडीत मध्यरात्री विहिरीवर जाऊन स्टार्टर दाबायचा, वाटेत साप-विंचू आणि काही भागांत बिबट्या. मग बाजारात 'ऑटो' आला. वीज आली की पंप आपोआप सुरू. शेतकऱ्याची यात काय चूक? पण एका रोहित्रावरचे सारे पंप एकाच क्षणी सुरू होतात, आणि मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. रोहित्र जळते. मग पिके वाळत असताना ते बदलून मिळेपर्यंत सारा शिवार तिष्ठत बसतो. ऑटो काढा आणि कॅपॅसिटर बसवा, अशी आवाहने महावितरणने वारंवार केली. प्रत्येकाने आपापल्या सोयीचे स्वयंचलन केले आणि त्यांची एकमेकांशी गाठ नसली की काय होते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. या दुखण्याचे मूळ शेतकऱ्याच्या ऑटोत नाही, रात्रीच्या वीजपुरवठ्यात आहे. कृषी वाहिन्या सौर प्रकल्पांवर घेऊन दिवसा वीज देण्याची योजना राज्याने २०१७ पासून हाती घेतली, ती म्हणूनच योग्य दिशेची आहे.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हा विषय निवडला त्याकडे येतो. दूरवरून कळ दाबता येते, हे या तंत्राचे बळ आहे. परंतु जी कळ आपल्याला दूरवरून दाबता येते, ती दुसऱ्यालाही दाबता येईल काय?

या प्रश्नाचे उत्तर जगाला २३ डिसेंबर २०१५ रोजी मिळाले. स्थळ होते युक्रेन. देशाच्या पश्चिमेला, कार्पेथियन पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या इव्हानो-फ्रँकिव्स्क प्रांताच्या वीजवितरण कंपनीत दुपारची पाळी संपत आली होती. साडेतीनच्या सुमारास नियंत्रण कक्षातल्या कर्मचाऱ्याला दिसले की आपल्या पडद्यावरचा माऊसचा बाण आपोआप हलतो आहे. त्याचा हात माऊसवर नव्हता. बाण एका उपकेंद्राच्या ब्रेकरवर गेला, खात्री करून घेण्याची चौकट उघडली, तीही त्याने मान्य केली आणि उपकेंद्र बंद पडले. मग दुसरे, मग तिसरे. कर्मचाऱ्याने माऊस धरला तर तो दाद देईना. त्याला यंत्रणेतून बाहेर काढण्यात आले, आणि पुन्हा आत जाऊ पाहिले तर परवलीचा शब्द बदललेला. त्याच दुपारी तीन वितरण कंपन्यांवर असाच घाला आला. सुमारे तीस उपकेंद्रे बंद झाली आणि सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहक ऐन हिवाळ्यात अंधारात गेले.

ही चढाई एका दिवसाची नव्हती. सहा महिन्यांहून अधिक काळ आधी कंपनीच्या कर्मचाऱ्यांना साध्या दिसणाऱ्या ई-पत्रांतून वर्ड आणि एक्सेलच्या फाइली धाडल्या होत्या. एखाद्याने ती उघडली, खाली दिसणारी परवानगी दिली, आणि 'ब्लॅकएनर्जी' नावाचा घातक प्रोग्राम आत शिरला. पुढे हल्लेखोरांनी घाई केली नाही. कर्मचाऱ्यांची नावे व परवलीचे शब्द गोळा केले, कार्यालयीन जाळ्यातून नियंत्रणाच्या जाळ्यात जाणारी वाट शोधली, कोणती कळ कशी चालते याचा अभ्यास केला. घाल्याच्या दिवशी ते अधिकृत नावानेच आत आले. म्हणजे कुलूप फोडलेच नाही, किल्ली चोरली. जाताना त्यांनी आणखी तीन गोष्टी केल्या. उपकेंद्राशी बोलणाऱ्या छोट्या उपकरणांतील मूळ प्रोग्राम पुसून टाकले, जेणेकरून दूरवरून पुन्हा वीज सुरू करता येऊ नये. नियंत्रण कक्षाच्याच यूपीएसला बंद होण्याची आज्ञा देऊन ठेवली. सर्वांना उजेड देणारेच अंधारात बसावेत! आणि तक्रार केंद्राच्या दूरध्वनीवर खोट्या कॉलचा मारा केला, म्हणजे कुठे वीज गेली हे ग्राहकाकडूनही कळू नये. आमच्या त्या मेणबत्तीवाल्या गृहस्थांचा शेवटचा आधारही शत्रूने हिशेबात धरला होता.

आणि तरीही एक ते सहा तासांत वीज परत आली. कशी? कर्मचारी गाड्या घेऊन उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी हाताने ब्रेकर टाकले. त्यांची यंत्रणा जुनी होती आणि हाताने चालवण्याची सवय मोडलेली नव्हती. जिथे दोन पिढ्या केवळ पडद्यासमोर बसल्या आहेत अशा अतिप्रगत कंपनीला हे जमले असते का, ही शंका पुढे पाश्चात्त्य तज्ज्ञांनीच बोलून दाखवली. नियंत्रण कक्ष मात्र दोन महिन्यांनंतरही पूर्ववत झालेले नव्हते. युक्रेनने रशियाकडे बोट दाखवले, रशियाने आरोप नाकारले. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेने रशियन लष्करी गुप्तचर खात्याच्या सहा अधिकाऱ्यांवर इतर गुन्ह्यांसह याबद्दलही आरोपपत्र ठेवले.

आपण म्हणाल, युक्रेन दूर आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई बंद पडली ते आठवा. लोकल थांबल्या, करोनाच्या त्या दिवसांत रुग्णालयांना जनित्रांवर जावे लागले. बाहेरचे जाळे कोलमडले तरी मुंबईने बेटासारखे वेगळे होऊन तग धरावा, अशी जी व्यवस्था अनेक दशके अभिमानाने सांगितली जात होती, ती त्या दिवशी टिकली नाही. १ मार्च २०२१ रोजी राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी प्राथमिक अहवालाच्या आधारे सायबर घातपाताची शक्यता बोलून दाखवली. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक होती असे सांगितले. त्याच सुमारास एका अमेरिकी संस्थेने चीनशी संबंध असलेल्या गटाने भारताच्या वीजक्षेत्रात शिरकाव केल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. चीनने त्याचा इन्कार केला. मुंबईचा अंधार आणि तो शिरकाव यांचा परस्परसंबंध त्या अहवालाने सिद्ध केलेला नाही. पत्रकार म्हणून मला हे स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण आपल्या पक्षाला सोयीचे म्हणून अर्धवट सत्य सांगण्याची खोड आपल्याकडे सर्वांनाच आहे. मात्र लडाखजवळच्या वीज केंद्रांवर चिनी हॅकरांनी दोनदा प्रयत्न केले आणि ते फसले, हे खुद्द केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनीच एप्रिल २०२२ मध्ये सांगितले. तेव्हा धोका कल्पित नाही.

सरकार स्वस्थ बसलेले नाही. गलवाननंतर, २ जुलै २०२० रोजी ऊर्जा मंत्रालयाने आदेश काढला की वीजक्षेत्रासाठी आयात होणाऱ्या उपकरणांची घातक प्रोग्रामांसाठी तपासणी व्हावी आणि विशिष्ट देशांतून आणण्यापूर्वी परवानगी घ्यावी. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने वीजक्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे दिली. हे स्वागतार्ह आहे. स्वदेशी बनावटीचा आग्रहही रास्तच आहे, कारण ज्या यंत्राचा आतला प्रोग्राम आपण वाचू शकत नाही त्याचे मालक आपण अर्धेच असतो. पण स्वदेशीचा शिक्का म्हणजे कवच नव्हे. यंत्र भारतीय असेल आणि त्याचा परवलीचा शब्द कारखान्यातून आला तोच राहिला असेल, देखभालीच्या कंत्राटदाराचा पोरगा तो शब्द मोबाइलवर मित्राला पाठवत असेल, तर शत्रूला कुठल्या देशाचे यंत्र आहे याची काय फिकीर? त्यातही एक मूळची अडचण आहे. नियंत्रण कक्ष आणि उपकेंद्र ज्या संकेतांनी एकमेकांशी बोलतात ते जुन्या, बंदिस्त जगात घडले. आज्ञा आली की पाळायची. आज्ञा देणारा कोण, असे विचारण्याची त्यांत सोयच नव्हती. ती आता वरून जोडावी लागते आहे.

शिवाय ही कळ आता नियंत्रण कक्षापुरती राहिलेली नाही. स्मार्ट मीटरमध्ये पुरवठा दूरवरून तोडण्याची सोय असते. मीटरवरून आपल्या राज्यात वाद झाला तो बहुतांशी बिलाचा. तोही महत्त्वाचा आहे, पण कोट्यवधी घरांची कळ एका यंत्रणेत एकवटते आहे या बाजूकडे फारसे कुणी पाहिले नाही. छतावरच्या सौर संचाचे तसेच. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचे उद्दिष्ट एक कोटी घरांचे आहे. आपल्यापैकी काहींच्या घरीही संच असेल. किती वीज झाली हे आपण मोबाइलवर कौतुकाने पाहता. तो आकडा आपल्या छतावरून आपल्या हातात येण्यापूर्वी कुठल्या देशातल्या सर्व्हरवरून फिरून येतो, हे विक्रेत्याला विचारले आहे का? पुढच्या वेळी अवश्य विचारा.

माझ्या मते वितरण कंपन्यांनी तीन गोष्टींची सक्ती करून घ्यावी. कार्यालयीन ई-पत्रांचे जाळे आणि नियंत्रणाचे जाळे यांत खरोखरचा अडसर हवा. कंत्राटदार बदलला की त्याच दिवशी परवलीचे सारे शब्द बदलले पाहिजेत. आणि वर्षातून किमान एकदा नियंत्रण कक्षाचे पडदे मुद्दाम काळे करून सारे शहर हाताने चालवून पाहावे. ही तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त आहे, आणि नेमकी तीच कुणी करीत नाही अशी मला भीती वाटते. उपकेंद्रांतली माणसे एकेक करून काढली जात आहेत, कारण आता दूरवरून सारे दिसते. संकटाच्या दिवशी गाडी घेऊन तिथे जाणारा आणि कुठला दांडा कुठे ओढायचा हे जाणणारा माणूस कुठून आणणार?

वायरमनच्या दृष्टीने तर हा जिवाचा प्रश्न आहे. वाहिनीवर तो काम करीत असताना दूरवरून कुणी ब्रेकर टाकला तर? यासाठी उपकेंद्राच्या पॅनेलवर एक लहानशी निवडकळ असते. तिच्या दोन बाजू, लोकल आणि रिमोट. ती लोकलवर फिरवली की त्या ब्रेकरवर नियंत्रण कक्षाची आज्ञा चालत नाही. एकदा एका उपकेंद्रात मी हे पाहिले. ऑपरेटरने ब्रेकर पाडला, परमिट लिहून दिले, कळ लोकलवर फिरवली आणि तिच्यावर माणसे काम करीत असल्याचा फलक टांगला. निवृत्तीला आलेल्या वायरमनचे तेवढ्याने समाधान झाले नाही. त्याने पॅनेलला स्वतःचे कुलूप घातले. मी म्हटले, "काका, एवढा अविश्वास?" तो म्हणाला, "अविश्वास नाही साहेब. वर बसलेला माणूस मला दिसत नाही, त्याला मी दिसत नाही. त्याच्या पडद्यावर फक्त लाईन दिसते." मग किल्ली खिशात टाकून, अर्थिंगचा दांडा खांद्यावर घेऊन तो बाहेर पडला.

आयोजकांनी प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखून ठेवला आहे आणि समोर महावितरणचे काही निवृत्त अभियंते बसलेले मला दिसत आहेत. माझे काही चुकले असेल तर ते निःसंकोच दुरुस्त करतील.